‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी कोणासाठी असते?

‘दुरुस्तीच्या कामामुळे संग्रहालय पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.’ ही पाटी आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतच नाही. छत गळते, भिंतींना ओल येते, विजेच्या तारा जुन्या होतात. दुरुस्ती करायलाच हवी. धूळ आणि घणांच्या आवाजात लोकांना आत सोडता येत नाही, हेही खरे. इथपर्यंत वाद नाही. वाद पुढच्या प्रश्नावर आहे. इमारत बंद झाली म्हणून संग्रहालयही बंद का व्हावे?

हा प्रश्न मी मुख्यतः स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयांबद्दल विचारत आहे. राजेरजवाड्यांची हत्यारे किंवा परदेशातून आणलेली चित्रे चार वर्षे कुलपात राहिली तर ती तशीच राहतात. स्थानिक इतिहासाचे तसे नसते. त्याचा कच्चा माल म्हणजे त्या इमारतीच्या आसपास राहणारी माणसे. गिरणीत राबलेली, चाळीत वाढलेली, मोर्च्यात लाठ्या खाल्लेली, पाण्यासाठी भांडलेली. ही माणसे गोदामात ठेवता येत नाहीत. संग्रहालय चार वर्षे बंद राहते तेव्हा त्या चार वर्षांत काही म्हातारी माणसे जातात, काही चाळी पाडल्या जातात, काही पेट्या भंगारात जातात. दार पुन्हा उघडते तेव्हा भिंतींना नवा रंग असतो आणि सांगणारे कमी झालेले असतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की संग्रहालय कोणाचे आहे हे ते उघडे असताना कळत नाही. ते दुरुस्तीला निघाले की कळते. ज्या संस्थेला वस्ती आपली मालक वाटते, ती इमारत बंद होताच वस्तीत जाते. जिला इमारत हीच आपली मालमत्ता वाटते, ती पाटी लावून मोकळी होते.

पहिल्या प्रकारच्या संस्थेचे एक उदाहरण अमेरिकेच्या राजधानीत आहे. वॉशिंग्टन शहरात अॅनाकोस्टिया नदीच्या पलीकडे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे. नदीच्या अलीकडे संसद, स्मारके आणि स्मिथसोनियन संस्थेची भव्य संग्रहालये. पलीकडच्या लोकांचे पाय त्या संग्रहालयांकडे क्वचितच वळत. तेव्हा १९६७ मध्ये स्मिथसोनियनने त्या वस्तीतच, बंद पडलेल्या कार्व्हर नावाच्या सिनेमागृहात, एक छोटे संग्रहालय सुरू केले. त्याचे पहिले संचालक जॉन किनार्ड यांनी संग्रहालयशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. ते धर्मोपदेशक होते आणि गरिबांच्या वस्त्यांमध्ये काम करणारे कार्यकर्ते होते.

१९६९ मध्ये या संग्रहालयाने उंदरांवर प्रदर्शन भरवले. होय, उंदरांवर, आणि तेही जिवंत उंदीर ठेवून. वस्तीतल्या मुलांच्या रोजच्या जगण्यात घरातले उंदीर हा मोठा प्रश्न होता, म्हणून तो प्रदर्शनाचा विषय झाला. अभिजनांच्या व्याख्येत उंदीर हा वारसा नसतो. पण ज्याच्या घरात रात्री लेकराला उंदीर चावतो, त्याला हा प्रश्न पडतोच की आपल्याच गल्लीतला कचरा का उचलला जात नाही, आपल्याच घराची भिंत घरमालक का बुजवत नाही. या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच त्या वस्तीचा इतिहास. किनार्ड यांना हे कळले होते. १९८७ मध्ये हे संग्रहालय नव्या इमारतीत गेले; दोन वर्षांनी किनार्ड वारले.

२०१९ मध्ये या इमारतीचे मोठे काम निघाले आणि ती काही महिने बंद ठेवावी लागली. त्या वेळी तिथे वॉशिंग्टनमधल्या सहा वस्त्यांवर प्रदर्शन सुरू होते. शहराच्या विकासाच्या नावाखाली कोणाला उठवले गेले, शाळांसाठी आणि घरांसाठी कोण कसे लढले, असा त्याचा विषय. ‘शहरावरचा हक्क’ असे त्याचे नाव. फ्रेंच विचारवंत आंरी लफेव्र यांनी १९६८ मध्ये पुढे आणलेली ही कल्पना समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचयाची आहे. इमारत बंद असताना या प्रदर्शनाची छोटी रूपे शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या शाखांमध्ये लोकांसमोर होती. पुस्तक बदलायला आलेला विद्यार्थी, वर्तमानपत्र वाचायला आलेले आजोबा, संगणक वापरायला आलेला बेरोजगार तरुण, ज्याला संग्रहालयात जायची सवय नाही असा कोणीही, आपल्या शहराची गोष्ट वाचत उभा राहू शकत होता. त्याच वर्षी इमारत पुन्हा उघडली.

यात कोणते मोठे तंत्रज्ञान होते? कोणता अफाट खर्च होता? छापलेले फलक होते, ग्रंथालयाशी केलेला समझोता होता आणि ‘लोक जिथे आहेत तिथे आपण जायचे’ ही सवय होती. ही सवय २०१९ मध्ये अचानक लागली नाही. जी संस्था सिनेमागृहात जन्मली, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते की इमारत हे साधन आहे.

आपले आणि कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे नाते नवे नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाविषयी विचारणा केली होती आणि डु बॉइस यांनी त्यांना उत्तरही पाठवले होते. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. संतापाची भाषा आपण त्यांच्याकडून घेतली. आता संस्था चालवण्याची ही सवयही घ्यायला हवी.

आता मुंबईकडे या. भायखळ्याच्या राणीबागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले. तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्यावरून होते. भाऊ दाजींचे नाव १९७५ मध्ये दिले गेले. मुंबई शहराचा इतिहास सांगणारे हे संग्रहालय २००३ नंतर मोठ्या जीर्णोद्धारासाठी बंद होते आणि २००८ मध्ये उघडले. काम उत्तम झाले. युनेस्कोने त्याचा गौरव केला, तो योग्यच होता. पुढे कोरोनाकाळात बंद झालेले दार दुरुस्तीमुळे नंतरही काही वर्षे बंद राहिले. या काळात संस्थेने काहीच केले नाही असे माझे म्हणणे नाही. ऑनलाइन व्याख्याने, अभ्यासवर्ग यांना माझा विरोध नाही. पण ऑनलाइन जाणे आणि भायखळ्यात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संग्रहालयाभोवती काय आहे ते पाहा. मदनपुरा, नागपाडा, कामाठीपुरा, आग्रीपाडा, गिरण्यांचा सगळा पट्टा. परळची ती बीआयटी चाळही फार दूर नाही, जिथे बाबासाहेबांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे दोन छोट्या खोल्यांत काढली. परळच्याच दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची पायाभरणी झाली. संग्रहालयाच्या काचेच्या कपाटांत मुंबईतल्या जातीजमातींच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या बाहुल्या आहेत. वसाहतीच्या काळात आपल्या पूर्वजांकडे ‘नमुना’ म्हणून पाहिले गेले, त्या नजरेचे ते अवशेष आहेत. त्या जपायलाच हव्यात. पण इमारत बंद असताना त्या बाहुल्यांची छायाचित्रे घेऊन कोणी भायखळ्याच्या, परळच्या चाळीत गेले आणि विचारले, ‘ही तुमच्या पणज्याची बाहुली आहे, तुम्ही तुमची गोष्ट स्वतः कशी सांगाल?’, तर बंद काळात उघड्या काळापेक्षा मोठे काम होईल.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी सहकाऱ्यांबरोबर युरोपातल्या कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. तो १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयात कोण जाते हे तिकिटाच्या दरापेक्षा शिक्षणावर आणि घरातून मिळालेल्या सांस्कृतिक भांडवलावर ठरते, असा त्याचा निष्कर्ष. दार उघडे असूनही ‘हे आपल्यासाठी नाही’ असे वाटणारा माणूस उंबरठ्यावरूनच परत फिरतो. आपल्याकडे तर त्या उंबरठ्याला जातीचाही इतिहास आहे. ज्या समाजाला देवळाच्या, शाळेच्या, पाणवठ्याच्या पायरीवरून हाकलले गेले, त्याला संगमरवरी पायऱ्यांची भीती का वाटते हे कोणाला समजावून सांगावे लागू नये. मग दुरुस्तीचा काळ हा एका अर्थाने संधीचा काळ ठरतो. उंबरठाच नाही! फलक विहारात लागला तर तिथे कोणाला बिचकायचे कारण नाही.

दुसऱ्यांच्या संस्थांवर टीका करणे सोपे आहे. आपल्या स्वतःच्या स्मारकांचे काय?

दादरचे आंबेडकर भवन आठवा. इमारत जुनी झाली, धोकादायक झाली, तिथे सतरा मजली वास्तू उभी करायची, असे सांगितले गेले. २५ जून २०१६ च्या पहाटे ती पाडली गेली. आंबेडकरी पत्रांच्या इतिहासाशी जोडलेला बुद्धभूषण छापखाना ढिगाऱ्यात गेला. १९ जुलैला लाखो लोक मुंबईच्या रस्त्यावर उतरले. त्या मोर्च्यातले सगळे नव्या बांधकामाच्या विरोधात नव्हते. संताप होता तो न विचारता, अंधारात, आतल्या वस्तूंची पर्वा न करता झालेल्या पाडकामाचा. २०२४ मध्ये दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध १ जुलैला लोक उठले आणि सरकारला काम थांबवावे लागले. दोन्ही वेळा लोकांनी एकच गोष्ट सांगितली: नूतनीकरण हा केवळ अभियंत्याचा आणि कंत्राटदाराचा विषय नाही.

नागपूरजवळचे चिचोलीचे शांतिवन घ्या. धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजनात अग्रभागी असलेल्या वामनराव गोडबोले यांनी ते उभे केले. बाबासाहेबांचे स्वीय सहायक नानकचंद रत्तू यांनी जिवापाड जपलेल्या वस्तू तिथे आल्या. बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र, रोजच्या वापरातल्या वस्तू. कापड ही फार नाजूक चीज असते. दमटपणा, कसर, ऊन, सगळे तिला खाते. नव्या वास्तूची गरज होतीच, पण तिचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. आणि इंदू मिल? ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झाले. तेव्हापासून आपण पुतळ्याच्या उंचीवर बोलत आहोत. शंभर फुटांचा चौथरा, साडेतीनशे फुटांचा पुतळा. तेव्हा पहिलीत असलेली मुले दहावी ओलांडून गेली. या सगळ्या वर्षांत त्या नियोजित स्मारकातल्या ग्रंथालयाची, प्रदर्शनाची एखादी खोली तरी दादरमध्ये, वरळीत, घाटकोपरच्या रमाबाई कॉलनीत भाड्याने घेऊन सुरू करा, अशी मागणी आपण कितीशा जोरात केली?

काही कार्यकर्ते म्हणतात, ‘आधी भव्य स्मारक होऊ द्या, बाकीचे नंतर बघू.’ त्यांची भावना मी समजू शकतो. ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, त्यांनी शहराच्या मधोमध मोठे काही मागणे यात गैर काही नाही. पण भव्यतेची वाट पाहताना स्मृतीचे काम थांबवायचे, ही आपली परंपरा नाही. आपल्याकडे इमारती नव्हत्या तेव्हाही संग्रहालय होते. भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव जात होते, ते चालते-बोलते संग्रहालयच होते. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे, छायाचित्रांचे, दिनदर्शिकांचे जे स्टॉल लागतात, त्याला ना छत असते ना भिंत. तरी लाखो लोक तिथून आपला इतिहास घरी नेतात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिताना चळवळीतल्या बायकांना शोधून त्यांच्या आठवणी नोंदवल्या. त्या तेव्हा नोंदवल्या नसत्या तर आज कोणतीही वातानुकूलित इमारत त्या परत आणू शकली नसती.

वस्तीत काम करताना हे रोज दिसते. लोखंडी पेटीच्या तळाशी समता सैनिक दलाचा बिल्ला असतो, दीक्षेच्या वेळचे पांढरे लुगडे असते, पिवळा पडलेला जयंतीचा फोटो असतो. सूनबाईला तो कशाचा हे ठाऊक नसते आणि सासूबाईंना विचारायला कोणी आलेले नसते. पुनर्विकासात चाळ रिकामी होते, संक्रमण शिबिरात जागा अपुरी पडते आणि पेटी भंगारवाल्याकडे जाते. संग्रहालयाचा कर्मचारी नेमका याच वर्षांत ‘इमारत बंद आहे’ म्हणून घरी बसलेला असतो.

आक्षेप येतील. पहिला सुरक्षेचा: मौल्यवान वस्तू रस्त्यावर कशा न्यायच्या? न्यायच्याच नाहीत. मूळ वस्तू सुरक्षित, योग्य तापमानाच्या जागी ठेवा. फिरवा त्या प्रतिकृती, छायाचित्रे, ध्वनिफिती आणि गोष्ट सांगणारी माणसे. दुसरा आक्षेप पैशाचा. इमारतीच्या दर्शनी भागाच्या ग्रॅनाइटला जो खर्च येतो, त्याच्या छोट्याशा हिश्श्यात फलक, पेट्या आणि एक गाडी बसते. तिसरा आक्षेप असा की हे संग्रहालयाचे कामच नव्हे, हे समाजकार्य झाले. त्यांना सांगायला हवे की आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या नव्या व्याख्येत सर्वसमावेशकता आणि समाजाचा सहभाग संग्रहालयाच्या कामातच धरला आहे. आपण काही जगावेगळे मागत नाही.

मग मागायचे काय? भाषणे पुरेत, मागण्या नेमक्या हव्यात.

पहिली मागणी: सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक संग्रहालयाच्या आणि स्मारकाच्या नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात ‘बंद काळातील कार्यक्रम’ हे स्वतंत्र कलम असावे. ते नसेल तर प्रशासकीय मान्यता देऊ नये.

दुसरी: एकही वस्तू हलवण्यापूर्वी तिची छायाचित्रासह यादी मराठीत जाहीर करावी. क्रमांक, सध्याची अवस्था, कुठे नेली आणि कोणाच्या ताब्यात दिली. ‘शिफ्टिंगमध्ये गहाळ’ हे उत्तर आपल्या पूर्वजांच्या वस्तूंबाबत आता चालणार नाही.

तिसरी: विहार, समाजमंदिर, अभ्यासिका, महापालिकेची शाळा, एसटी स्थानक, सार्वजनिक वाचनालय या जागा बंद काळापुरत्या संग्रहालयाच्या शाखा म्हणून जाहीर कराव्यात. त्यासाठी वस्तीतल्या लोकांची समिती असावी आणि तिच्यात निम्म्या बायका असाव्यात.

चौथी: बंद काळ हा संकलनाचा काळ ठरवावा. वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. लोकांनी आणलेल्या कागदांची, फोटोंची परवानगी घेऊन तिथेच प्रत काढावी आणि मूळ वस्तू त्याच दिवशी मालकाच्या हातात परत द्यावी. आपल्या लोकांकडून नेले खूप गेले आहे, परत कमी आले आहे.

पाचवी, आणि हिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही: सफाई कामगार, पहारेकरी, तिकीट खिडकीवरचे कर्मचारी यांना कंत्राटावर ठेवलेले असले की दार बंद होताच पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. कोण आहेत हे लोक? बहुतेक आपलेच. अनेक वर्षे त्या दालनांत उभे राहिलेल्या माणसाला कोणत्या वस्तूसमोर मुले थांबतात आणि कोणत्या वस्तूसमोरून लोक न बघता निघून जातात हे तज्ज्ञांपेक्षा चांगले ठाऊक असते. त्यांना प्रशिक्षण द्या आणि वस्तीतल्या प्रदर्शनात गोष्ट सांगायला उभे करा. त्यांचा पगार चालू राहील आणि इतिहासालाही त्यांचा आवाज मिळेल.

सहावी: बांधकामाभोवतीच्या पत्र्याच्या कुंपणावर नेत्याचे हसरे फोटो लावण्याऐवजी आतल्या कामाची माहिती लावा. दगड घडवणारा कुठला, चुना कसा मळतात, जुनी तुळई का बदलावी लागली. वडार आणि पाथरवट समाजाच्या हातांनी या शहरातल्या किती इमारती उभ्या राहिल्या, हे सांगायला याहून योग्य जागा कोणती? कुंपणाला एक जाळीची खिडकी ठेवा. येणाऱ्याजाणाऱ्याला काम दिसू द्या. श्रम लपवायचे आणि वास्तू मिरवायची, ही व्यवस्थेची जुनी रीत आहे. ती निदान इतिहासाच्या घराने तरी मोडावी.

या मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही. निविदेत एक पान वाढवावे लागते आणि ते पान वाढले की नाही हे तपासायला माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे. आपल्या जिल्ह्यात सामाजिक न्याय विभागाच्या किंवा महापालिकेच्या निधीतून एखाद्या स्मारकाचे काम सुरू असेल तर आजच अर्ज करा: काम कधी सुरू झाले, कधी संपणार, वस्तू कुठे आहेत आणि या काळात लोकांसाठी काय सुरू आहे? चार प्रश्न, एक अर्ज. उत्तर आले की ते विहारात वाचून दाखवा.

पाटी तर लागणारच आहे. फक्त तिच्यावरचा मजकूर बदलायला हवा. ‘पुढील सूचनेपर्यंत बंद’ हे शब्द खोडून तिथे लिहायला लावू: ‘इमारतीचे काम सुरू आहे. संग्रहालय सध्या तुमच्या वस्तीतल्या विहारात आणि वाचनालयात भरते. येताना घरातला जुना फोटो घेऊन या.’

जयभीम.